पाव आट्याची परीक्षा

संपादकांनी मला विजेच्या गाड्यांचं चार्जिंग स्टेशन बघायला धाडलं होतं. ते बंद निघालं. शेजारच्या पेट्रोल पंपाच्या भिंतीलगत मात्र एक पांढरी ओम्नी उभी होती. दारावर ‘पीयूसी’ (प्रदूषण तपासणी) ही ठळक अक्षरं, मागच्या बाजूला टेबल, संगणक आणि गॅस ॲनलायझर. तिच्यापुढे दुसरी ओम्नी, 1997 सालची, रंग उडालेली, सायलेन्सरमध्ये नळी खुपसलेली. ओम्नीच ओम्नीला नापास करत होती. मी तिथंच थांबलो.

गाडी बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांची. भजनी मंडळाची पेटी, पखवाज आणि गुडघे दुखणारे पाच-सहा सभासद तिच्यातून आळंदीला जातात. पडद्यावर कार्बन मोनॉक्साइड 4.6 टक्के आला होता, मर्यादा 3 टक्के. हायड्रोकार्बन 1180 पीपीएम, मर्यादा 1500. एका विषयात नापास म्हणजे नापासच.

“अहो, धूर दिसतोय का कुठं?” काका तडकले.

“काका, हा वायू दिसत नाही,” यंत्रावरची मुलगी म्हणाली. हे वाक्य तिनं त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारलं नसावं.

नियमांचं पुराण थोडक्यात उरकतो. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 115 वा नियम. भारत स्टेज दोन या उत्सर्जन मानकाच्या आधीच्या पेट्रोल मोटारीला 3 टक्के कार्बन मोनॉक्साइडची मुभा, दोन आणि तीनला 0.5, चारपासून पुढे 0.3. जुन्या गाडीला दर सहा महिन्यांनी हजेरी. पीयूसी नसेल तर विम्याचं नूतनीकरण नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये बजावलं होतं (ती अट 2024 मध्ये उठली) आणि 2019 च्या दुरुस्तीनं दंड 10,000 रुपयांपर्यंत नेला. ही यंत्रं तपासून मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एक, 1966 साली स्थापन झालेली एआरएआय, पुण्यातच आहे. सकाळी फिरायला जाणारे शेजारच्या टेकडीला तिच्याच नावानं ओळखतात.

यंत्राची युक्ती सुंदर आहे. नळीतून ओढलेल्या वायूवर अवरक्त किरण सोडतात. कार्बन मोनॉक्साइड त्यातली ठरावीक लहर गिळतो, हायड्रोकार्बन वेगळी गिळतात. पलीकडे किती किरण कमी पोहोचले यावरून आकडा निघतो. 1995 पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागू लागले. काकांची पुण्याची गाडी त्यातून सुटली. इंजिनानं जे टाकलं ते जसंच्या तसं त्या किरणांसमोर.

काकांच्या मागोमाग मी नाल्याकाठच्या गॅरेजात गेलो. मिस्त्रींनी पुढची सीट उचलली. ओम्नीचं 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन ड्रायव्हरच्या बुडाखालीच असतं. मला वाटलं, आता स्क्रूड्रायव्हर निघणार. त्यांनी आधी चोकची केबल हलवून ती पुरती मागे जाते का ते पाहिलं. मग एअर फिल्टर काढून झटकला, तशी पिठाच्या गिरणीत उडते तेवढी धूळ उडाली. प्लग काढला, तो काजळीनं काळा. “बिस्किटाचा रंग पाहिजे,” ते म्हणाले. “हा पेट्रोल पितोय, जाळत नाही.”

आणि मग तो स्क्रू. कार्बोरेटरच्या अंगाला खुपसलेला, करंगळीच्या पेरापेक्षा लहान मिक्श्चर स्क्रू. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मुख्य वाट जवळजवळ बंद होते आणि इंजिन एका बारीक भोकातून येणाऱ्या पेट्रोल-हवेवर जगतं. त्या भोकात या स्क्रूचं निमुळतं टोक. पीयूसीची परीक्षा होते ती नेमकी गाडी जागेवर गुरगुरत असताना. म्हणजे अख्ख्या मोटारीचा निकाल या टोकावर.

मिस्त्रींनी तो कान देऊन फिरवला. पाव आटा आत, आवाज जरा बसला. आणखी पाव, इंजिन थरथरलं. त्यांचा एक हात सतत सीटच्या लोखंडावर, नाडी बघावी तसा. त्यांनी थोडा परत सोडला. काका मात्र वर वाकलेले: “अजून थोडं कमी करा ना मिस्त्री, एकदाच पास होऊ दे.” मिस्त्री गप्प राहिले आणि त्यांनी केलं. मला वाटतं, मुद्दाम.

पंपावर कार्बन मोनॉक्साइड 1.2 आला, काका हसले. हायड्रोकार्बन 1900. पेट्रोल फार कमी झालं की एखादा सिलिंडर पेट घ्यायचं चुकवतो आणि कच्चं पेट्रोल तसंच बाहेर पडतं. एक आकडा दाबावा तर दुसरा उसळतो.

परत गॅरेज. या वेळी मिस्त्रींनी स्क्रू काढूनच घेतला आणि नखावर धरून दाखवला. टोकाला बारीक चरा पडला होता, कधीकाळी कुणीतरी कचकचून आवळल्याचा. त्यामुळे पाव आटा फिरवून फारसं काही होत नसे आणि पुढच्या पाव आट्याला उडी बसे. त्यांनी भंगारातल्या ओम्नींचे स्क्रू ठेवलेली तंबाखूची डबी उघडली, एक निवडला, हलक्या हातानं टेकवला, दीड आटा मागे घेतला. बाकीचं कानानं.

कार्बन मोनॉक्साइड 2.3, हायड्रोकार्बन 840. मुलीनं नंबरप्लेटसकट गाडीचा फोटो काढला. पास.

माझं समाधान मात्र अर्धंच. ही परीक्षा जागेवरच्या श्वासाची. मंडळी बसवून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढते तेव्हा काय सोडते, ते कुणी विचारत नाही. या जुन्या गाडीच्या नायट्रोजन ऑक्साइडचा रकानाच नाही. गाडी न नेताही कागद मिळतो, हे ऐकून आपल्याकडे कुणाला धक्का बसत नाही. तरीही या अपुऱ्या परीक्षेच्या धाकानं तो काळा प्लग बाहेर आला, हेही मी डोळ्यांनी पाहिलं.

ओम्नीचं उत्पादन 2019 मध्ये थांबलं. मिस्त्रींच्या हाताखालच्या मुलाला स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचता येतो, कार्बोरेटर त्यानं उघडलेला नाही. 2027 मध्ये काकांना पुनर्नोंदणी करायची आहे आणि 20 वर्षांवरच्या मोटारीची फी आता 10,000 रुपये झाली आहे. काका म्हणतात, तेवढ्यात नवा पखवाज येईल.

गॅरेजातून निघताना काकांनी डबीत डोकावून पाहिलं. दोन स्क्रू उरले होते.

“एक मला देऊन ठेवा. पैसे घ्या.”

“राहू द्या इथंच,” मिस्त्री झाकण लावत म्हणाले. “तुमच्याकडनं हरवेल.”