संगणक तंत्रज्ञ व्हायचे आहे? आधी पुस्तकाचा क्रमांक तपासा!

हावडा-मुंबई लोहमार्गावर आमगाव आणि दरेकसा यांच्या दरम्यान येणारे सालेकसा हे गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे तालुक्याचे गाव. भाताची शेती, जंगल आणि छत्तीसगड-मध्य प्रदेशाची सीमा ही या तालुक्याची जुनी ओळख. मात्र ग्रामपंचायत, शाळा, बँक, सेवा केंद्र, छायाचित्रांचे दुकान अशा सर्वच ठिकाणी आता संगणक आले आहेत. त्यातील एखादा बंद पडला की तो गोंदियाला न्यावा लागतो, किंवा तेथील तंत्रज्ञाची वाट पाहावी लागते. त्यामुळे संगणक दुरुस्ती हा गावातच करता येण्याजोगा व्यवसाय ठरू शकतो, याची जाणीव येथील तरुणांना होऊ लागली आहे. त्यापुढचा प्रश्न असतो तो प्रमाणपत्राचा, आणि त्याही पुढचा, कोणत्या साहित्यावरून अभ्यास करायचा याचा. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर परीक्षेचे शुल्क आणि कित्येक महिन्यांचे श्रम दोन्ही वाया जाण्याची शक्यता असते.

कोणते प्रमाणपत्र कशासाठी?

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम संगणक वापरण्यास शिकवतो. संगणक दुरुस्त करण्यास नव्हे. दुरुस्तीचे शिक्षण घ्यायचे असल्यास औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील ‘कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स’ हा एक वर्षाचा व्यवसाय अभ्यासक्रम हा दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी सरळ मार्ग आहे. शासकीय नोकरीचा विचार असणाऱ्यांनी जाहिरातीत नेमकी कोणती अर्हता मागितली आहे, हे पाहूनच निर्णय घ्यावा.

खासगी कंपन्यांमध्ये, विशेषतः नागपूर, पुणे, रायपूर यांसारख्या शहरांतील तांत्रिक साहाय्य केंद्रांत काम करू इच्छिणाऱ्यांसाठी ‘कॉम्पटिया ए प्लस’ ही प्राथमिक पातळीवरील आंतरराष्ट्रीय परीक्षा उपयुक्त ठरते. १९९३ पासून घेतल्या जाणाऱ्या या परीक्षेचे दोन स्वतंत्र भाग आहेत. प्रत्येक भागासाठी ९० मिनिटांचा अवधी आणि जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात. १०० ते ९०० या गुणश्रेणीवर पहिल्या भागात ६७५ व दुसऱ्या भागात ७०० गुण मिळवणे आवश्यक असते. दोन्ही भागांचे शुल्क वेगवेगळे भरावे लागते आणि प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते. याच कारणास्तव अभ्यास साहित्याच्या निवडीत घाई करून चालत नाही.

स्वस्त पुस्तक महाग पडते

जुन्या पुस्तकांच्या बाजारात ए प्लसची जाडजूड पुस्तके अल्प किमतीत मिळतात. विद्यार्थी आनंदाने ती विकत घेतात आणि येथेच फसगत होते. ही परीक्षा साधारणतः दर तीन वर्षांनी बदलते. २२०-११०१ आणि २२०-११०२ या क्रमांकांची आवृत्ती २०२२ मध्ये सुरू झाली होती. ती सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाली. तिच्या जागी मार्च २०२५ पासून २२०-१२०१ आणि २२०-१२०२ ही आवृत्ती लागू झाली आहे. पुस्तकाचे नाव तेच, लेखक तोच, मुखपृष्ठही जवळपास सारखेच; फरक केवळ त्या क्रमांकाचा असतो. म्हणून पुस्तक उघडण्यापूर्वी मुखपृष्ठावरील क्रमांक वाचावा. दोन्ही भाग एकाच आवृत्तीचे उत्तीर्ण व्हावे लागतात, हेही ध्यानात ठेवावे.

जुने पुस्तक अगदीच निरुपयोगी असते असे नाही. मदरबोर्ड, रॅम, प्रिंटर किंवा केबल यांची मूलतत्त्वे तीन वर्षांत बदलत नाहीत. घरात असे पुस्तक असल्यास पहिल्या वाचनासाठी ते वापरावे. मात्र परीक्षेची तयारी त्याच्या भरवशावर करू नये.

खरा मार्गदर्शक विनामूल्य

बाजारातील कोणत्याही पुस्तकापेक्षा महत्त्वाचा दस्तऐवज परीक्षा घेणारी संस्थाच आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध करून देते. तो म्हणजे परीक्षेच्या उद्दिष्टांची यादी. कोणत्या विषयाला किती भार आहे, हे त्यात टक्केवारीसह दिलेले असते. पहिल्या भागात यंत्रसामग्रीला २५, नेटवर्कला २३, दोषनिवारणाला २८, मोबाइल उपकरणांना १३ आणि आभासी संगणक व क्लाउड यांना ११ टक्के भार आहे. दुसऱ्या भागात कार्यप्रणाली व सुरक्षा यांना प्रत्येकी २८, सॉफ्टवेअरमधील दोषनिवारणाला २३ आणि कार्यपद्धतीला २१ टक्के भार दिला आहे.

या आकड्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. दुकानात काम करून हात बसलेल्या तरुणाला पहिला भाग तुलनेने परिचित वाटतो. पण दुसऱ्या भागातील सुरक्षा आणि कार्यपद्धती यांचा एकत्रित भार ४९ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्मा आहे. ग्राहकाशी कसे बोलावे, केलेल्या कामाची नोंद कशी ठेवावी, विदेची प्रत सुरक्षित कशी ठेवावी, हे दुकानात क्वचितच शिकवले जाते. असे विद्यार्थी नेमके याच भागात मागे पडू शकतात.

ही यादी छापून घ्यावी आणि विकत घ्यावयाच्या पुस्तकाची अनुक्रमणिका तिच्याशी ताडून पाहावी. यादीतील प्रत्येक मुद्द्यासमोर पुस्तकातील पृष्ठ क्रमांक लिहिता आला, तरच ते पुस्तक पुरेसे समजावे.

एक पुस्तक, एक चित्रफीतमाला

अनेक विद्यार्थी चार-पाच पुस्तके जमवतात आणि एकही पूर्ण वाचत नाहीत. त्याऐवजी एक मुख्य पुस्तक व एक चित्रफीतमाला पुरेशी ठरते. ‘प्रोफेसर मेसर’ या नावाने प्रसिद्ध असलेली ए प्लसची चित्रफीतमाला विनामूल्य पाहता येते आणि ती उद्दिष्टांच्या क्रमानेच रचलेली आहे. माइक मेयर्स यांचे मार्गदर्शक पुस्तकही या क्षेत्रात दीर्घकाळ वापरले जाते. अर्थात तेही नव्या क्रमांकाचेच असावे.

प्रश्न उरतो भाषेचा. ही परीक्षा मराठीत होत नाही. घरात पोवारी किंवा गोंडी, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या सालेकशाच्या विद्यार्थ्याला इंग्रजी प्रश्न वाचण्यासच वेळ लागतो आणि ९० मिनिटे अपुरी पडतात. यावर उपाय म्हणजे शब्दवही. प्रत्येक तांत्रिक संज्ञा, तिचा मराठीतील अर्थ आणि दुकानातील एक उदाहरण, अशा तीन रकान्यांची वही रोज भरावी. संकल्पना समजून घेण्यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची पाठ्यपुस्तके उपयोगी पडतात. केंद्र शासनाच्या ‘भारत स्किल्स’ या संकेतस्थळावरील साहित्यही पाहण्याजोगे आहे.

परदेशी पुस्तके वाचताना आणखी एक सावधगिरी बाळगावी. त्यांतील विजेची उदाहरणे बहुधा ११० ते १२० व्होल्टची असतात; आपल्याकडील पुरवठा २३० व्होल्टचा आहे. परीक्षेसाठी दोन्ही माहीत असावेत, प्रत्यक्ष कामात मात्र आपलाच आकडा लक्षात ठेवावा.

भंगारातील संगणक हीच प्रयोगशाळा

केवळ वाचून ही परीक्षा देणे कठीण आहे, कारण काही प्रश्नांत पडद्यावर प्रत्यक्ष कृती करून दाखवावी लागते. यासाठी महागड्या प्रयोगशाळेची गरज नाही. बंद पडलेला एखादा जुना संगणक मिळवून तो दहा वेळा सुटा करून पुन्हा जोडावा. एसएमपीएसमधून बाहेर येणारे ३.३, ५ आणि १२ व्होल्टचे पुरवठे कोणत्या भागाकडे जातात, हे पाहावे. हे करताना वीजजोडणी काढलेली असावी. एसएमपीएसची पेटी आणि जुन्या धाटणीचा काचनळीचा मॉनिटर कदापि उघडू नये. जोडणी काढल्यावरही त्यांत घातक विद्युतभार शिल्लक राहतो.

कार्यप्रणालीच्या सरावासाठी मात्र भंगारातील संगणक चालणार नाही. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण व टीपीएम २.० ही सुविधा लागते. होम आवृत्तीत डोमेनशी जोडणी करता येत नाही, प्रो आवृत्तीत येते. असे फरक प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज स्मरणात राहत नाहीत. दोन-तीन विद्यार्थ्यांनी मिळून एका बऱ्या संगणकावर सराव केल्यास खर्च विभागला जातो.

पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की येथील दुकानदार सर्व जोडण्या काढून ठेवतात. सर्ज सप्रेसर आणि यूपीएस यांचा पाठ परीक्षेतही आहे. आपल्या परिसरातील अनुभव पुस्तकातील संज्ञेशी जोडता आला, की पाठांतराची गरज उरत नाही.

प्रश्नसंच : उपयोग आणि सापळा

सराव प्रश्नसंच अवश्य सोडवावेत. परंतु उत्तराखाली कारणमीमांसा दिलेली असेल असेच निवडावेत. उरलेले तीन पर्याय का चुकीचे आहेत, हे सांगता येणे हीच तयारीची खरी कसोटी होय. ‘परीक्षेतील खरे प्रश्न, उत्तीर्ण होण्याची हमी’ अशी जाहिरात करणाऱ्या संचांपासून दूर राहावे. असे साहित्य वापरणे संस्थेच्या नियमांत बसत नाही आणि ते उघड झाल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. शिवाय त्यांतील उत्तरे बरोबर असतात याचीही शाश्वती नसते.

अनोळखी सरावसंचांत सातत्याने ८० ते ८५ टक्के गुण मिळू लागल्यानंतरच शुल्क भरावे. दोन्ही भागांचे शुल्क एकदम भरण्याऐवजी आधी एक भाग देणे शहाणपणाचे ठरते.

अखेर प्रमाणपत्र मिळाले तरी त्याची परीक्षा गावातच होणार आहे. दाखल्यांच्या गर्दीच्या दिवसांत सेवा केंद्रातील संगणक बंद पडतो आणि रांगेत शेतकरी, विद्यार्थी ताटकळत उभे असतात. त्या वेळी दोष शोधून यंत्र सुरू करणारा हात तालुक्यातच असेल, तर गोंदियाची फेरी वाचेल. तो हात घडवणारे पुस्तक योग्य क्रमांकाचे असावे, एवढी काळजी प्रारंभीच घेतलेली बरी.