ढिगाऱ्याखालचे कान



३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनीं किल्लारीची भूमि हादरली. आदल्या रात्रीं गणपतीचें विसर्जन करून लोक निजले होते. लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारों माणसें दगावलीं. तीं बहुतेक स्वतःच्याच घरांच्या दगडमातीखालीं. जाड भिंती आणि वर माळवदाचें ओझें, अशींच घरें आमच्या तीर्थपुरीसही वाडवडिलांनीं बांधलीं होतीं. त्या संहारांत एक लहान मूल पांचव्या दिवशीं ढिगाऱ्याखालून जिवंत निघालें. म्हणजे जीव आंत टिकूं शकतो. अडचण असते ती तो कोठें आहे हें कळण्याची.

क्षीण हांक दगडमातीत विरून जाते. बाहेर कुदळींचा आवाज, रडारड. तेव्हां माणसाचा कान आंत पोंचत नसेल, तर आंत शिरूं शकणाऱ्या प्राण्याबरोबर कान धाडावा, अशी कल्पना पुढें आली. असे प्राणी कोणते? ज्यांना आपण घरांतून हांकून लावतों तेच: झुरळ आणि उंदीर.

अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठांत मादागास्करच्या मोठ्या झुरळांवर हे प्रयोग झाले. झुरळ मिशांनीं वाट चांचपतें. मिशीस विजेचा सूक्ष्म स्पर्श झाला, कीं तेथें अडथळा आहे असें समजून तें दुसऱ्या बाजूस वळतें. २०१४ सालीं त्याच्या पाठीवर निरनिराळ्या दिशांचा आवाज टिपणारे तीन ध्वनिग्राहक बसविण्यांत आले. आवाज कोणीकडून येतो तें यंत्र ठरवितें आणि झुरळास तिकडे वळवितें. आंधळ्या कोशिंबिरींत डोळे बांधलेला मुलगा सवंगड्यांच्या टाळीच्या रोखानें जातो, तसाच हा प्रकार.

परंतु आवाजाचें ठिकाण कळून भागत नाहीं. आंत मोकळी वाट कोठून आहे हेंही कळलें पाहिजे. उपग्रहाचा संदेश तेथें पोंचत नाहीं. याच विद्यापीठांत २०१३ सालीं त्यावर एक तोड सुचविण्यांत आली. अनेक झुरळें आंत सोडावयाचीं. दोन झुरळें जवळ आलीं, कीं त्यांच्या पाठीवरचीं यंत्रें ती भेट रेडिओनें बाहेर कळवितात. अंधाऱ्या, अनोळखी वाड्यांत वीस मुलें सोडून कोण कोणास केव्हां भेटलें एवढेंच आपण दारांत बसून टिपलें, तरी दालन कोठें व भिंत कोठें याचा अंदाज येऊं लागेल. मधून मधून झुरळांना भिंतीच्या कडेनें चालविलें, कीं नकाशा अधिक रेखीव होतो.

उंदरास विजेचीही गरज नाहीं. त्यास शिकवितां येतें. टांझानियांत मोरोगोरो येथें ‘अपोपो’ ही संस्था मोठ्या आफ्रिकी उंदरांना असें शिक्षण देते. उंदीर माणूस सांपडतांच अंगावरील कळ ओढतो. बारीक नाद होतो. मग तो परत येऊन खाऊ घेतो. शिक्षकास हें ऐकून आपल्या वर्गाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

२८ मार्च २०२५ रोजीं म्यानमारमध्यें भूकंप झाला, तेव्हां सिंगापूरनें आपल्या पथकाबरोबर दहा यंत्रधारी झुरळें धाडलीं. त्यांच्या पाठीवर उष्णता टिपणारे कॅमेरे होते. त्यांच्यामुळें कोणी जिवंत सांपडल्याचें वृत्त आलें नाहीं. म्हणून हीं साधनें सिद्ध झालीं असें मी म्हणणार नाहीं. प्रयोगशाळेंतील गुळगुळीत जमीन निराळी आणि कोसळलेलें गांव निराळें. शिवाय मुक्या जीवास आपण किती राबवावें, हाही प्रश्न उरतोच.

तरी दोन गोष्टी आजच आपल्या हातीं आहेत. माळवदाचें ओझें उतरवून, भिंतींना पट्ट्यांनीं बांधून घेणें ही पहिली. आणि दुर्दैवानें प्रसंग आलाच, तर खणणाऱ्यांनीं मधून मधून कुदळ थांबवून सर्वांस गप्प करणें ही दुसरी. झुरळाच्या पाठीवरचें यंत्र असो कीं आपला कान असो, आंतली हांक ऐकावयाची तर आधीं बाहेर शांतता पाहिजे.