झाडावर पिकलेलं पीच

कॅलिफोर्नियात मुलाकडे गेलो की बर्कलीच्या शॅटक अव्हेन्यूवरच्या ‘शे पानीस’मध्ये एक जेवण ठरलेलं असतं. खालच्या मजल्यावर रोज एकच मेन्यू, तोही महागडा. वरच्या कॅफेत पदार्थ निवडता येतात, म्हणून मी जिना चढतो. चुरा लावून भाजलेलं बकरीच्या दुधाचं चीज आणि त्याखाली कोवळा पाला, हा इथला जुना मानाचा पदार्थ. पण माझं लक्ष असतं शेवटच्या ओळीवर: आज फळ कोणतं आणि कुणाच्या बागेतलं?

इतिहास झटपट सांगतो. फ्रान्समध्ये शिकताना ॲलिस वॉटर्स तिथल्या रोजच्या ताज्या बाजारावर चालणाऱ्या स्वयंपाकाने भारावल्या आणि २८ ऑगस्ट १९७१ रोजी त्यांनी हे रेस्टॉरंट उघडलं. नाव मार्सेल पान्योल यांच्या चित्रपटांतल्या एका पात्राचं. पहिल्या रात्री ऑलिव्ह घालून शिजवलेलं बदक होतं, प्लमचा टार्ट होता आणि पूर्ण जेवण ३ डॉलर ९५ सेंटला होतं. वरचा कॅफे १९८० मधला.

आता फळाकडे येतो. पीचच्या मोसमात इथे गोड म्हणून नुसतं पीच मिळतं. साखर नाही, क्रीम नाही; बशी, फळ आणि सुरी. एवढ्या नावाजलेल्या स्वयंपाकघराने फळाला हात न लावता ते पुढे ठेवावं, यात मला मोठी हिंमत दिसते. आपला हापूस तयार झाला की कच्चाच उतरवून अढीत घालता येतो, कारण त्यात साठलेल्या पिष्टाची नंतर साखर होते. पीचमध्ये तो साठाच नसतो. झाडावरून उतरवल्यावर ते मऊ होतं, पण आणखी गोड होत नाही. म्हणजे जी काही गोडी यायची ती झाडावरच, आणि पुरतं पिकलेलं फळ दूरचा प्रवास सोसत नाही.

फ्रेझ्नोजवळ डेल रे इथे डेव्हिड मास मासुमोतो यांची बाग आहे. त्यांचं ‘सन क्रेस्ट’ जातीचं पीच रसाळ, पण रंगाने सोनेरी आणि फार न टिकणारं. बाजाराला हवं लालभडक आणि टिकाऊ. ती झाडं बुलडोझरखाली जाणार असं दुःख त्यांनी ऐंशीच्या दशकात एका लेखात मांडलं. वाचकांची पत्रं आली आणि झाडं राहिली. त्यांचं पीच पुढे ‘शे पानीस’च्या बशीत पोचलं, मेन्यूवर त्यांच्या नावासह. कोकणच्या वाटेवर मी आमरस भरपूर खाल्ला, पण वाटीशेजारी बागायतदाराचं नाव छापलेलं कुठे दिसलं नाही. छापायलाच हवं!

भाजीची गोष्टही सांगितल्यावाचून राहवत नाही. वॉटर्सबाईंना आपल्या स्वयंपाकघरासाठी एक शेत हवं होतं. त्यांचे वडील शेतं पाहत हिंडले आणि सोनोमातल्या बॉब कॅनार्ड यांच्यापाशी थांबले. कॅनार्ड भाजीसोबत तणही वाढू देतात. जमीन सकस तर भाजी सकस, असं त्यांचं म्हणणं. भाजी उतरवून गाडी परत निघते ती स्वयंपाकघरातला ओला कचरा घेऊन. त्याचं खत त्याच शेतात पडतं.

मुलांकडे जायचं असेल तर जुलै-ऑगस्ट गाठा आणि टेबल आधी राखून ठेवा. ते नाहीच मिळालं, तर शनिवारी सकाळी सॅन फ्रान्सिस्कोच्या फेरी बिल्डिंगजवळचा शेतकरी बाजार आहेच. तिथे पीच विकणाऱ्यांना जात विचारा, बाग विचारा. ते आनंदाने सांगतात.