पा. ना.

जेवणं झाली की खिळ्यावरची वही खाली उतरते. दोनशे पानी, रेघांची, पोरांच्या शाळेला घेतात तीच. कोपऱ्याला भोक पाडून सुतळी ओवलीय आणि सुतळीच्या टोकाला बॉलपेन बांधलंय. हे पेन बांधायचं शहाणपण मला दोन वर्षांनी सुचलं. तोवर वही खिळ्यावर आणि पेन पोरांच्या दप्तरात.

परभणीच्या कृषी विद्यापीठाचा खरीप मेळावा दरवर्षी 18 मेला भरतो. 1972 साली याच तारखेला विद्यापीठ स्थापन झालं. तिथून मी आधी कृषी दैनंदिनी आणायचो. वाण, खतं, फवारणीचं प्रमाण असं सगळं त्यात छापलेलं. ती आजही घरात आहे, पण वाचायला. लिहायला घेतली की रोजचं एक आख्खं पान समोर येतं आणि आपल्याजवळ सांगण्यासारखी असते दीड ओळ. चार पानं कोरी गेली की पाचव्या दिवशी हात जात नाही. साध्या वहीत तारीख आपणच टाकायची, त्यामुळं कोरं पान कधी डोळ्यांत खुपत नाही.

ओळीचा क्रम ठरलेला: तारीख, नक्षत्र, पाऊस, काम, माणसं, पैसे. ‘आर्द्रा. 14 मि.मी. वाफसा नाही. तिफण उभी.’ किंवा, ‘वरचं वावर खुरपलं. बाया 6. गड्याला उचल 500.’ मनातलं काही लिहायचं नाही, असा नियम नाही. पण दिवसभर रानात राबलेल्या माणसाला रात्री मन वगैरे फारसं उरत नाही.

पावसाचं माप आखाड्यावर, कुंपणाच्या खांबाला. सकाळी साडेआठला आकडा बघायचा आणि पाणी ओतून द्यायचं. ओतायचं विसरलं की दुसऱ्या दिवशीचा पाऊस खोटा. महसूल मंडळाचं हवामान केंद्र आहेच, पण आमच्याकडचा पाऊस बैलाचं एक शिंग भिजवतो आणि दुसरं कोरडं ठेवतो. 75 ते 100 मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, असं विद्यापीठ दर जूनला सांगतं. पटतंही. पण एक दणकट सर आली, शेजाऱ्याची तिफण चालू झाली, की आपल्यालाही वाटतं, झाला की भरपूर! वहीत बेरीज मारावी तर 41.

सगळ्यात अवघड असतो तो काहीच न घडलेला दिवस. आधी मी असा दिवस सोडूनच द्यायचो. 2023 च्या ऑगस्टपासून सोडत नाही. देशात 1901 पासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता, हे नंतर कळलं. वहीत तेव्हा नुसतं ‘पाऊस नाही’. त्याखाली ‘पाऊस नाही’. आठवडाभरानं ‘पा. ना.’ मधे एकदा ‘भुरभुर, मापात काही नाही’. आश्लेषा गेली, मघाही तशीच चालली, सोयाबीन फुलातून शेंगेत आलं, आणि पुढं तर तारखेपुढं फक्त फुली. पारावर कुणी म्हणायचं, पंधरा दिवसांचा खंड; कुणी म्हणायचं, महिन्याचा. मी फुल्यांसकट ओळी मोजल्या. 23.

पुढच्या वर्षीचं पान नेमकं उलटं. 1 सप्टेंबर 2024 ला रात्रभर कोसळला, दुसऱ्या दिवशी पोळा. ‘पोळा. माप भरून सांडलं. बैल गोठ्यातच ओवाळले. पहाटे 4 ला खालच्या वावरात पाणी.’ विम्यासाठी नुकसानीची खबर 72 तासांत द्यायची होती. ते तास कुठून धरायचे, हे त्या ‘पहाटे 4’ वरून कळलं. एरवी त्या गोंधळात घड्याळ कोण बघतं? त्या पानावर ओल्या अंगठ्याचा ठसा आहे.

मी मोंढ्याला माल घेऊन गेलो की वही बायको लिहिते. तिचा क्रम वेगळा: आधी म्हैस, मग पाऊस, मग बाकीचं. मागच्या हंगामात मुक्काम पडला म्हणून दुसऱ्या दिवशी तिची ओळ वाचली: ‘म्हशीनं दूध चोरलं. पाऊस 3. तुरीत खुरपण. बाया 7.’

“सहाच सांगितल्या होत्या ना?” मी विचारलं.

“अन् मी?”

रात्री मागच्या वह्या काढल्या. बाया 6, बाया 5, बाया 8. मी मोजल्या होत्या त्या रोजानं आलेल्या. पाटीत विळा-खुरपं घेऊन त्यांच्या पुढं चालणारी एकाही ओळीत नव्हती. तिचा रोज धरून एकरी खर्चाची बेरीज पुन्हा मारायला हवी. अजून मारली नाही.