बाळंतपणाची सुटी आणि मस्टरवरचे ८० दिवस

«हंगामी बाईला कसली पगारी सुटी?»

दिवाळीनंतर यवतमाळ जिल्ह्यातल्या जिनिंगांना जोर येतो. वणी, पांढरकवडा, राळेगावकडे कापसाच्या गाड्या काट्यावर लागतात आणि गंजीपाशी बाया कवडी (किडका कापूस), पालापाचोळा निवडायला बसतात. एखादीला दिवस गेले की हिशेब ठरलेला: झेपेल तोवर यायचं, मग तिच्या जागी दुसरी. मालक हेच म्हणतो, मुकादम हेच म्हणतो. पंचाईत अशी की बाईही हेच म्हणते.

कायदा मात्र कायम, हंगामी, रोजंदार असा भेद करत नाही. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याचा (त्याच तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत) प्रश्न एकच: बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत या मालकाकडे ८० दिवस भरले का? नीट चाललेल्या हंगामात ते सहज भरतात. दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या रोजंदार बायांना सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क २००० सालीच दिला.

अडतं ते मस्टरपाशी. हजेरी मुकादमाच्या वहीत, मजुरी रोख, वही हंगामाबरोबर गायब. ८० दिवस भरले हे बाईला ठाऊक असतं, कागदाला नसतं. म्हणून मजुरी बँकेत मागावी आणि हजेरीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. मुकादमाच्या कपाळाला आठ्या पडतील, पडू द्याव्यात.

«सहा महिन्यांचा पगार मालकाच्याच खिशातून जातो.»

हे अर्धं खरं. १० किंवा अधिक कामगारांच्या, ईएसआयखाली नोंदलेल्या आस्थापनेत २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या बाईला बाळंतपणाच्या रजेचे पैसे कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) महामंडळ देतं. मालकाने दरमहा वर्गणी भरायची, एवढंच. गंमत अशी, की कापसाचं जिनिंग-प्रेसिंग हा कायद्यानेच हंगामी कारखाना ठरवल्यामुळे ईएसआयबाहेर आहे. तिथे मात्र भार खरोखर मालकावर पडतो, आणि म्हणूनच टाळाटाळही तिथेच जास्त.

«कंत्राट संपलं की रजाही संपली.»

कंत्राटी परिचारिका, डेटा ऑपरेटर यांना हे हमखास ऐकवतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कविता यादव प्रकरणात उलट सांगितलं: ८० दिवसांची अट पुरी झाली असेल, तर कंत्राटाची मुदत मध्येच संपली तरी पूर्ण लाभ द्यावा लागतो. रजेवर असताना कामावरून काढणं तर बेकायदाच.

«तिसऱ्या खेपेला काही मिळत नाही.»

मिळतं, १२ आठवडे. २६ आठवडे पहिल्या दोन मुलांपर्यंत. गर्भपात झाला तरी ६ आठवड्यांची पगारी रजा आहे. हे बहुतेक कार्यालयांत कुणी आपणहून सांगत नाही.

«हिरकणी कक्ष आहे ना, मग पाळणाघर कशाला?»

एसटी स्थानकातला हिरकणी कक्ष बाळाला पाजण्यापुरता, आणि तो प्रवासी बाईसाठी. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय मालकाने करायची असते आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता आलं पाहिजे. शिवाय मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन जादा विश्रांती. बापाचं काय? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस. खासगी नोकरीत कायद्याने एकही नाही. बारशाला पेढे वाटण्यापलीकडे त्याच्याकडून कायद्याची अपेक्षा दिसत नाही.

«मजूर बाईलाही सरकार देतंच की.»

हा गैरसमज शहाण्या लोकांचा. जिनिंगमधली बाई निदान कायद्याच्या कक्षेत आहे. तोच कापूस शेतात वेचणारी नाही. ती किलोच्या भावाने वेचते, पोटावर फडकं बांधून त्यात कापूस भरते. सातव्या महिन्यात ते फडकं बांधायचं कुठे, हाच प्रश्न. तान्हं बाळ धुऱ्यावरच्या निंबाला टांगलेल्या झोळीत. तिच्यासाठी आहे ती प्रधानमंत्री मातृ वंदना योजना: पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, ३,००० गरोदरपणी नोंदणी व तपासणीनंतर आणि २,००० बाळाची जन्मनोंद व पहिलं लसीकरण झाल्यावर. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर ६,०००, मुलगा झाला तर काही नाही. कारखान्यातल्या बाईला २६ आठवड्यांची मजुरी आणि हिला एवढे. नोंदणी अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे होते. आधार आणि बँक खातं जोडलेलं नसेल तर हे पैसेही अडकतात.