पावती कोणाची, अधिकार कोणाचा?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली. तेव्हापासून या व्यासपीठावर मोठमोठे विद्वान बोलून गेले. माझे शाळेतले शिक्षण सातवीपाशी संपले; पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर. म्हणून आज मी विषयही माझ्या आवाक्यातला घेतला आहे. गाडी उभी केल्याबद्दल एखादी खाजगी कंपनी आपल्या हातात 'दंडाची' पावती ठेवते, तेव्हा काय करावे, एवढाच तो विषय.

विषय क्षुल्लक वाटेल. मलाही तो तसाच वाटत होता. गेल्या पावसाळ्यात आमच्या युनियनच्या एका सभासद भगिनीचा फोन आला. ती रुग्णालयात कंत्राटी सफाईचे काम करते. नवऱ्याचे औषध घेण्यासाठी ती एका व्यापारी संकुलात गेली, आवारात स्कूटर लावली आणि वीस मिनिटांनी परत आली, तो चाकाला जॅमर! हातात छापील कागद : 'दंड रुपये ५००'. ती म्हणाली, "भाऊ, पैसे दिले नाहीत तर गाडी पोलिसांत जमा करतो म्हणतात. माझ्याजवळ दोनशेच आहेत." तिची दिवसाची मजुरी पाचशेच्या आतली. म्हणजे वीस मिनिटांसाठी एका दिवसाचे श्रम गेले, आणि ते कोणत्या अधिकाराने गेले हे विचारायलाही ती भीत होती.

मी तेथे गेलो. जॅमर लावणारा चौकीदार जेमतेम पंचविशीचा. तो म्हणाला, "काका, मी काय करू? चावी सुपरवायझरकडे असते. पैसे न घेता जॅमर काढला तर माझ्या पगारातून कापतात." तेव्हा माझ्या ध्यानात आले की, त्या पाचशे रुपयांपायी एक कंत्राटी कामगार दुसऱ्या कंत्राटी कामगाराशी भांडत होता, आणि ज्याच्या खिशात ते पैसे जाणार तो तेथे नव्हताच.

त्या दिवसापासून मी या विषयाचे कायदे वाचले. वाचून जे उमगले ते एका वाक्यात असे : दंड करणे हे राज्याचे काम आहे, खाजगी कंपनी फार तर शुल्क मागू शकते किंवा झालेल्या नुकसानीची भरपाई मागू शकते. हा भेद ज्याला कळला त्याची निम्मी भीती गेली. आता आपली गाडी कोठे उभी होती, त्यावरून तीन प्रकार पडतात. ते एकेक पाहू.

पहिला प्रकार सार्वजनिक रस्त्याचा. येथे १९८८ चा मोटार वाहन कायदा चालतो. वाहने कोठे उभी करावीत हे ठरवण्याचा अधिकार कलम ११७ ने राज्य सरकारला, किंवा सरकारने अधिकार दिलेल्या प्राधिकरणाला, दिला आहे. मनाई असलेल्या जागी गाडी लावली तर ती उचलून नेण्याची किंवा तिला जॅमर लावण्याची परवानगी कलम १२७ प्रमाणे त्या हद्दीतील गणवेशधारी पोलिसाने द्यावयाची असते. टोइंगची गाडी खाजगी ठेकेदाराची असेल, त्यावरची पोरे ठेकेदाराची असतील, परंतु अधिकार त्या पोलिसाचा आहे. मुंबईत मार्च २०२२ मध्ये पोलीस आयुक्तांनी वाहने उचलणे प्रायोगिक तत्त्वावर थांबवले होते, ही गोष्ट आपल्याला आठवत असेल. लगाम कोणाच्या हातात असतो, हे त्यावरून स्पष्ट होते.

म्हणून रस्त्यावर गाडी उचलली जात असेल तर हुज्जत न घालता पोलीस अंमलदार कोण आहेत ते पाहावे आणि दंडाची व टोइंगच्या खर्चाची पावती मागून घ्यावी. कलम १२७ प्रमाणे तो खर्च मालकावर पडतो, हेही लक्षात असू द्यावे. ज्या गुन्ह्याला वेगळी शिक्षा सांगितलेली नाही त्याला कलम १७७ प्रमाणे पहिल्या वेळी पाचशे आणि पुढच्या वेळी दीड हजार रुपयांपर्यंत दंड आहे. हा दंड खरा दंड होय. पोलिसांचे ई-चलान आले तर ते फाडून टाकू नये. चूक आपली असेल तर अधिकृत मार्गाने भरावे; नसेल तर पुराव्यानिशी तक्रार करावी किंवा न्यायालयात सांगावे.

दुसरा प्रकार ठेक्याच्या वाहनतळाचा. कामोठे हे सिडकोने वसवलेले गाव. १ ऑक्टोबर २०१६ पासून आपण पनवेल महानगरपालिकेत आहो. आपल्यापैकी पुष्कळजण रोज सकाळी मानसरोवर किंवा खांदेश्वर स्थानक गाठतात, आणि कोठे ना कोठे गाडी लावून लोकल पकडतात. अशा 'पे अँड पार्क'ची जागा सार्वजनिक संस्थेची असेल तर वसुली करणारा तिचा ठेकेदार असतो. करारात ठरलेला दर घेण्याचा अधिकार त्याला मिळतो. त्याच्यावर रुपयाही घेण्याचा नाही.

येथे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आपल्या बाजूला उभा आहे. तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. फलकावर लावलेल्या किंवा कायद्याने ठरलेल्या दरापेक्षा जास्त पैसे घेतले, तर ती त्या कायद्याप्रमाणे तक्रारीची बाब आहे. सेवा देऊन पावती न देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. दर काय ठरला आहे हे कळत नसेल, तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून मराठीत साधा अर्ज करावा आणि त्या संस्थेकडून ठेक्याची मुदत, दरपत्रक व अटी यांच्या प्रती मागाव्यात. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. न आल्यास अपील आहे. हा अर्ज एकाने केला तरी त्याचा उपयोग त्या तळावर गाडी लावणाऱ्या सगळ्यांना होतो.

तिसरा प्रकार खाजगी आवाराचा. आमच्या भगिनीचा प्रकार हाच. आवाराच्या मालकाला अधिकार नाही असे मी म्हणत नाही. जागा त्याची आहे. तो शुल्क लावू शकतो, वेळ ठरवू शकतो, 'येथे गाडी लावू नये' असे सांगू शकतो. परंतु हे सारे कराराचे नाते झाले, आणि करारासाठी आधी अट दिसली पाहिजे. फाटकावर फलक नसेल, किंवा तो कुंडीमागे दडलेला असेल, तर अट मान्य केली कधी?

समजा, फलक स्पष्ट होता आणि अट मोडली. तरीसुद्धा १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ सांगते की, करारात रक्कम लिहिलेली असली तरी त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळेल. रक्कम छापली म्हणून ती पूर्ण देणे लागतो, असे नाही. नुकसानीच्या मानाने अवास्तव दंड लादणारी अट नव्या ग्राहक कायद्यात 'अनुचित करार' ठरू शकते. तिच्याविरुद्धची तक्रार राज्य आयोगाकडे करावी लागते. जॅमरची गोष्ट तर याहून साधी. पैशासाठी आपले वाहन अडकवून ठेवण्याचा अधिकार खाजगी कंपनीला देणारे कलम मोटार वाहन कायद्यात नाही.

ज्यांची मुले इंग्लंडात आहेत त्यांना तिकडची गोष्ट ठाऊक असेल. तेथे खाजगी कंपन्या अशा नोटिसा सर्रास धाडतात. चेम्सफर्ड गावच्या एका वाहनतळावर दोन तास फुकट होते. एक गृहस्थ जवळजवळ तासभर जास्त थांबले आणि त्यांच्याकडे ८५ पौंड मागितले गेले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०१५ रोजी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. फलक मोठे व ठळक होते, आणि जागा फिरती राहावी यात कंपनीचा रास्त हेतू होता, हे न्यायालयाने मानले. मात्र त्याच इंग्लंडात खाजगी जागेत जॅमर लावून पैसे वसूल करण्यास १ ऑक्टोबर २०१२ पासून कायद्याने बंदी आहे. मागणी करायची तर करा, पण माणसाची गाडी ओलीस ठेवू नका, असा त्याचा अर्थ.

पावतीच्या पाठीमागे बहुधा आणखी एक ओळ असते : 'गाडी मालकाच्या जबाबदारीवर'. शुल्क घ्यायचे आणि जबाबदारी झटकायची! दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात १९९८ साली चावी नोकराच्या हवाली केलेली गाडी चोरीस गेली. त्या प्रकरणी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितले की, चावी घेऊन गाडी ताब्यात घेतल्यावर वाजवी काळजी घेतली हे हॉटेलने आधी दाखवले पाहिजे. नुसत्या छापील ओळीमागे त्याला लपता येणार नाही. तेव्हा चावी देताना पावती जपून ठेवा.

आता प्रत्यक्ष काय करावे? आमच्या भगिनीच्या बाबतीत आम्ही जे केले तेच सांगतो. प्रथम फोटो काढले : गाडीचा, जॅमरचा, फाटकाचा आणि जेथे फलक असायला हवा होता त्या रिकाम्या भिंतीचा. पावतीवर कंपनीचे नाव व पत्ता आहे की नाही ते पाहिले. नव्हता, तो सुपरवायझरकडून लिहून घेतला. तिला कामावर जायचे होते, म्हणून वर्गणी करून पाचशे रुपये भरले. मात्र पावतीच्या दोन्ही प्रतींवर 'हरकत राखून पैसे दिले' असे लिहून तिची सही घातली. सक्तीने घेतलेला पैसा परत केला पाहिजे, असे करार कायद्याचे कलम ७२ सांगते. त्या चार शब्दांमुळे पुढे दाद मागणे सोपे जाते.

दुसऱ्या दिवशी पत्र लिहिले. ते आम्ही चौकीदाराला दिले नाही, सुपरवायझरलाही नाही. ते संकुलाच्या व्यवस्थापनाच्या नावे रजिस्टर पोस्टाने गेले, आणि त्याची प्रत कंपनीला. हा धडा कामगार चळवळीचा आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने आम्हांला शिकवले की, ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी. तेव्हापासून आम्ही मधल्या माणसाशी वाद घालत बसत नाही, मूळ मालकाचे दार ठोठावतो. वाहनतळाच्या बाबतीतही जागा ज्याची, ठेका ज्याने दिला, त्याला प्रश्न विचारा : कोणत्या अधिकाराने? कोणत्या दराने? फलक कोठे आहे?

पत्राने काम झाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची आहे. आम्हांला तेथवर जावे लागले नाही. महिन्याभराने व्यवस्थापनाने पाचशे रुपये परत केले. पत्रात आम्ही आणखी एक मागणी घातली होती : या प्रकरणी चौकीदाराच्या पगारातून काही कापू नये. तेही मान्य झाले. नाही तर चोर सोडून संन्याशाला फाशी, असेच झाले असते.

जाता जाता आपल्याही कर्तव्याचा उल्लेख करतो. कामोठ्यात इमारतींची दाटी, त्यात गाड्या वाढल्या. रुग्णवाहिकेच्या वाटेत गाडी लावून मग कायद्याची कलमे म्हणून दाखवणारा माणूस माझ्या पक्षाचा नाही. शुल्क रास्त असेल तर ते द्यावे, आणि पावती मागून घ्यावी. मात्र ज्या कागदावर 'दंड' असे छापले आहे तो हातात आला की, खिशात हात घालण्यापूर्वी चष्मा लावावा, आणि तो कोणी कोणत्या अधिकाराने दिला, हे वाचावे.

आमची ती भगिनी आज समोर बसली आहे. परवा तिच्या शेजारणीला अशीच पावती मिळाली, तेव्हा पत्र तिनेच लिहून दिले. मला फोन आला नाही. याहून अधिक मला काही सांगावयाचे नाही.