सतरा वर्षांचा आरोपी : मूल की मोठा?

गेल्या महिन्यात लातूरला एका वलीम्याला आम्ही गेलो होतो. जेवणं आटोपली, पानसुपारी झाली आणि गप्पा मुलांवर आल्या. नांदेडहून आलेल्या एक खाला तावातावाने म्हणाल्या, "सतराव्या वर्षी जो चाकू चालवतो, तो लहान कसला? मोठ्यांसारखीच शिक्षा झाली पाहिजे त्याला." त्यांच्या शेजारचा मुलगा किरकोळ भांडणात वार लागून महिनाभर दवाखान्यात पडून होता. मारणारा अठराच्या आतला निघाला आणि लवकरच घरी परतला.

समोर बसलेल्या लातूरच्या भाभी बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "खाला, माझ्या बहिणीचा मुलगाही असाच पकडला गेला होता. तो नुसता मोटारसायकलवर मागे बसला होता. त्याला मोठ्या गुन्हेगारांत टाकलं असतं, तर आज तो आयटीआय शिकत असता का?"

खोटे कोणीच बोलत नव्हते. म्हणूनच हा प्रश्न आपल्या वाचकांसमोर मांडावासा वाटला.

पुण्याची घटना सर्वांच्या लक्षात असेल. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात भरधाव पोर्शे गाडीने मोटारसायकलला धडक दिली. दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी चालवल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला आणि अटींमध्ये अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले. सारा महाराष्ट्र संतापला. या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवावा, असा अर्ज पोलिसांनी केला. जुलै २०२५ मध्ये मंडळाने तो फेटाळला. दरम्यान, मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपाखाली त्याच्या आईवडिलांना आणि डॉक्टरांना अटक झाली. त्या आरोपांचा निकाल न्यायालय देईल. पण एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. लोकांचा राग मुलाच्या वयावर निघाला, आणि बोट मात्र मोठ्यांकडेही तितकेच जात होते.

कायदा नेमके काय सांगतो, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. १९८६ च्या कायद्यात मुलांसाठी वयोमर्यादा सोळा होती, मुलींसाठी अठरा. २००० साली दोघांसाठी अठरा झाली. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत निर्भयावर अत्याचार झाला, २०१३ मध्ये मुंबईत शक्ती मिलची घटना घडली. दोन्हीकडे आरोपींत अठराच्या आतले होते आणि त्यांना जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवण्यापलीकडे कायद्यात काही नव्हते. त्या संतापातून २०१५ चा बाल न्याय कायदा आला आणि जानेवारी २०१६ पासून लागू झाला.

या कायद्याने मधला मार्ग काढला. गुन्हा अत्यंत गंभीर असेल, म्हणजे त्याला किमान सात वर्षांची शिक्षा असेल, आणि मुलगा सोळा ते अठरा या वयातला असेल, तर बाल न्याय मंडळ आधी त्याची पारख करते. हा गुन्हा करण्याची शारीरिक आणि मानसिक क्षमता त्याच्यात होती का? परिणामांची जाणीव होती का? कोणत्या परिस्थितीत हे घडले? त्यानंतर मंडळाला योग्य वाटले तर प्रकरण बाल न्यायालयाकडे जाते आणि तिथे प्रौढासारखा खटला चालू शकतो. तरीही फाशी देता येत नाही, सुटकेची आशाच नसलेली जन्मठेपही देता येत नाही. एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याला तुरुंगात न ठेवता वेगळ्या सुरक्षित ठिकाणी ठेवतात. मग तो किती सुधारला हे पाहून पुढचा निर्णय होतो.

खालांच्या शेजारचे प्रकरण यात बसत नाही. खुनाला किमान जन्मठेप आहे, पण खुनाच्या प्रयत्नाला कायद्याने किमान सात वर्षांची शिक्षा ठरवलेली नाही. अशा गुन्ह्यात मुलाला प्रौढ मानता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. जखमी मुलाच्या आईला हे पटणे कठीण आहे, आणि तिच्या जागी आम्ही असतो तर आम्हालाही पटले नसते.

मग वय सोळावरच का आणू नये? इथे आपल्या फिक्हच्या परंपरेकडे पाहण्यासारखे आहे. लहान मुलाच्या कृत्यांची नोंद करणारी लेखणी तो वयात येईपर्यंत उचललेली असते, हे हदीस आपल्या घराघरांत माहीत आहे. पण वयात येणे म्हणजेच शहाणे होणे, असे आपल्या विद्वानांनी मानलेले नाही. सूरह निसामध्ये अनाथांची मालमत्ता त्यांच्या हवाली करण्याआधी त्यांची पारख करायला सांगितले आहे. वय झाले तरी समज आली आहे का, हे पाहायचे. बुलूग वेगळे आणि रुश्द वेगळे. वयात आल्याची लक्षणे दिसली नाहीत तर बहुतेक इमामांनी पंधरा वर्षे ही मर्यादा धरली. इमाम अबू हनीफा यांनी मुलांसाठी ती अठरापर्यंत नेली. म्हणजे हा वाद जुना आहे, आणि थोर लोकांनीही तो एका फटक्यात सोडवलेला नाही.

दुसरी गोष्ट अनुभवाची. अमेरिकेत हजारो मुलांवर प्रौढ म्हणून खटले चालले. २००७ साली तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने नेमलेल्या तज्ज्ञ गटाने उपलब्ध अभ्यास तपासले. प्रौढांच्या न्यायव्यवस्थेत पाठवलेली मुले पुढे हिंसक गुन्ह्यांकडे अधिक वळतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. सतराव्या वर्षी आत गेलेला कधीतरी बाहेर येणारच. तो आपल्याच मोहल्ल्यात येणार. तो काय शिकून येणार, हा प्रश्न आपल्याही सुरक्षिततेचा आहे.

आपल्या देशात २०२२ साली अल्पवयीनांविरुद्ध सुमारे तीस हजार गुन्हे नोंदले गेले. एकूण गुन्ह्यांच्या मानाने हा वाटा एक टक्क्याहून कमी आहे. पण पकडलेल्यांत तीन चतुर्थांशांहून अधिक मुले सोळा ते अठरा वयाची होती. हेच वय आज लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत, खोल्यांवर आणि मेसमध्ये आईवडिलांपासून दूर राहते. हेच वय चौकात तलवारीने केक कापते, कोयता हातात घेऊन रील काढते आणि वडिलांच्या गाडीची किल्ली खुंटीवरून उचलते.

म्हणून आमचे मत असे. वय सरसकट खाली आणू नये. मात्र आहे तो कायदा पुरता वापरावा. पारख तीन महिन्यांत व्हावी आणि ती खरोखर तज्ज्ञांच्या मदतीने व्हावी. जखमीच्या घरच्यांना प्रकरण कुठवर आले हे कळत राहावे, उपचाराचा खर्च आणि भरपाई मिळावी. त्यांना वाऱ्यावर सोडले की 'कायदा गुन्हेगाराचाच' असे त्यांना वाटणारच. आणि मुलांच्या हातून गुन्हे करवून घेणाऱ्या मोठ्यांना सोडू नये. भारतीय न्याय संहितेत त्यासाठी किमान तीन वर्षांची शिक्षा आहे.

घरच्या घरी करायच्या गोष्टीही आहेत. अठराच्या आतल्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. मुलाच्या जन्माचा दाखला आणि शाळेतली तारीख जुळते का, हे आजच पाहा. शाळेत घालताना अंदाजाने लिहिलेली तारीख पुढे फार महाग पडते. मुलाला पोलिसांनी नेलेच, तर त्याला कोठडीत ठेवता येत नाही आणि चोवीस तासांत मंडळापुढे हजर करावेच लागते, हे लक्षात ठेवा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मिळतो. त्याचे नाव आणि फोटो मोबाइलवर फिरवणे हाही गुन्हा आहे, तो मुलगा कोणाचाही असो.

निघताना खाला भाभींना म्हणाल्या, "तुझ्या भाच्याला त्या दिवशी कोणी विचारलं होतं का, कुठे चाललास म्हणून?" भाभींनी मान हलवली. "नाही. आणि ज्याने वार केला, त्यालाही कोणी विचारलं नसेल."

आज रात्री जेवताना आपापल्या घरी एवढे तरी विचारूया.